तोमारूची तिसरी मालिका

२० नोव्हेंबर २०२३

आजही चंदन बोलला नाही. ताट दाराशी ठेवलं, तसंच परत आलं. नव्या धानाचा भात, लाखांदूरहून माझ्या भावाने मुद्दाम पाठवलेला, त्यालाही हात नाही! मला राग आला आणि मग रागाचीच लाज वाटली.

गावोगावच्या मंडया, दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू आहेत. दरवर्षी हा मित्रांना गोळा करून दंडारीचं नाचगाणं बघायला पळायचा. यंदा मित्र दोनदा दारातूनच परत गेले.

२१ नोव्हेंबर

पोलीस भरतीच्या धावण्यात चंदनचा गुडघा गेला, त्यानंतर एक अख्खा पावसाळा उलटला. डॉक्टर म्हणाले, चालणं होईल, धावणं विसरा. चंदनने ते ऐकलं आणि चालणंही विसरला. पंचवीस वर्षांचं जवान पोर! आतल्या खोलीत पडून असतो, तोंडापुढे मोबाईल.

हे मागावरून ओरडतात, "पोट्ट्याले माज आला. मागावर बसव त्याले, सुधा होते." अहो, पण पावडी दाबायला गुडघाच लागतो ना? चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला मी काय सांगायचं!

संध्याकाळी करुणाचा फोन आला. माझी मोठी लेक, सिहोऱ्याला दिली आहे. "आई, भंडाऱ्याले मनाच्या डॉक्टरले दाखवा त्याले." यांना सांगितलं तर ताडकन उठले. "पागल आहे का माहा पोरगा?" विषय संपला.

२४ नोव्हेंबर

विणकराच्या घरात दोर किती असतात, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आता जिकडे तिकडे तेच दिसतात. एवढंच लिहिते.

२६ नोव्हेंबर

आज कपडे द्यायच्या निमित्ताने आत गेले आणि हा मोबाईलमध्ये काय बघतो ते बघून घेतलं. तूफानी मुठ्ठी! अजून तेच!

जपानी कार्टून आहे. शेजारच्या घरी केबल होतं, तिथे लहानपणी जाऊन बसायचा. तोमारू नावाचा एक अनाथ पोरगा डोंगरातल्या गुरुजींकडे मारामारी शिकतो आणि मग जगातल्या एकेकाशी भिडतो. भिडतो म्हणजे काय, एक ठोसा मारायला आठवडा! सोमवारी हात उगारला की गुरुवारी लागणार, आणि मधल्या वेळात दोघं नुसते एकमेकांना बोलणार. संपता संपत नव्हतं ते. चंदन शाळेतून आला की तलावाच्या पाळीवर तेच हातवारे करायचा. एकदा पाळीवरून गडगडला, दात पाडून घेतला आणि रक्ताळलेल्या तोंडाने हसत आला, "आई, मी तोमारू झालो!"

ते हसणं आज सारखं आठवतं आहे.

२७ नोव्हेंबर

ठरवलं. माझ्याकडे त्याच्याशी बोलायला विषयच नाही. जेवलास का, दुखते का, याच्यापलीकडे आईकडे असतं काय? तो तोमारूजवळ राहतो तर आपणच तिकडे जायचं.

मेघाला गाठलं. ही त्याच शेजारच्या घरची, भंडाऱ्याला कॉलेजात जाते. आधी हसली. मग म्हणाली, "काकू, जुनं संपून लय वर्षं झाले. त्याच्यानंतर पुढच्या तीन मालिका आल्या. तुम्ही कोणती पाहता?"

तीन! मी म्हटलं, पहिल्यापासून लाव. तिने माझ्या फोनवर लावून दिली.

३० नोव्हेंबर

दुपारी मांडीवर कोशाचं सूत वळता वळता बघते. पहिली मालिका हिंदीत आहे, बरं झालं. यात तोमारू म्हातारा झाला आहे. एक हात गेलेला. त्याला एक मुलगा आहे, हिशो. आणि हा हिशो बापाशी बोलत नाही!

गुरुजींचं नाक मात्र बदललं आहे. जुन्यात चपटं होतं.

५ डिसेंबर

तोमारू मेला. हिशोला वाचवताना मेला. मी सूत बाजूला ठेवून रडले. हे मागावरून विचारतात, "काय झालं वो?"

"तोमारू गेला."

"कोण्या गावचा?"

मला रडता रडता हसू आलं. सांगितलं तर कपाळाला हात लावला आणि पुन्हा धोटा चालू.

६ डिसेंबर

बोलला! चंदन बोलला!

पाणी द्यायला गेले होते. सहज म्हटलं, "तोमारूने शेवटी पोरासाठी जीव दिला. चांगलं दाखवलं बाबा."

तो उठून बसला. "आई, तू ते पाहिली?"

"सगळी पाहिली."

"ते कंपनीनं बनवली, आई. लिहिणाऱ्याचा हातच नाही त्याच्यात. ते कोणी मोजतच नाही."

"मोजत नाही म्हणजे? माझ्या डोळ्यांदेखत मेला ना तो!"

"नाही मेला. दुसऱ्या मालिकेत जिता आहे. दुसरी खरी आहे."

आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. असू दे. केवढी वाक्यं झाली! स्वयंपाक करताना मी ती एकेक करून परत म्हणून बघितली.

९ डिसेंबर

दुसरी सुरू केली. मी चुकीचं समजून घेईन म्हणून तो स्वतः येऊन शेजारी बसला. गुडघ्याखाली उशी घेतली. मी तिकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर उठून गेला असता.

दुसरी मालिका मूळ लिहिणाऱ्यानेच केली आहे म्हणे. जुनी जिथे संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी ही सुरू होते. हात गेला नाही, हिशो जन्मलाच नाही. मी ज्याच्यासाठी रडले तो मेलेलाच नाही!

१४ डिसेंबर

मला दुसरी आवडत नाही. लिहूनच टाकते.

आमच्याकडे ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की शेवटचा वीतभर कापत नाहीत. तो फणीत तसाच राहतो. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला पिळून सांधायचा, बोटांना राख लावून, म्हणजे रेशीम घसरत नाही. दोघं समोरासमोर बसतात, एक टोक देतो, एक पिळतो. माग रिकामा पडू देत नाहीत. तर पहिल्या मालिकेची सांधणी ओबडधोबड आहे, गाठी दिसतात, नाकं बदलतात, पण धागा जुन्याच धाग्याला लागला आहे. जखम झाली की ती राहते. हात गेला की गेला. दुसरीत कापड नवं कोरं, चमक मोठी, आणि सांधलेलं काही नाही. मेलेला माणूस तिसऱ्या भागात हजर! मग रडायचं कशाला? तोमारू हरला की लगेच आणखी बलवान होतो, केस उभे राहतात, उजेड पडतो. किती बलवान व्हायचं माणसाने!

चंदनला हेच म्हटलं. म्हणाला, "तुले मारामारीच समजत नाही, आई."

मग माझ्याकडे न बघता, "पण हाव. पडला की लगेच उठते तो. तसं नसते."

१५ डिसेंबर

आज दोन पोळ्या खाल्ल्या.

२० डिसेंबर

आमच्या आळीतल्या वासुदेवरावांच्या पोराची, विनोदची, पोलिसात निवड झाली. तो आणि चंदन सोबत पहाटे पळायचे. विनोद पेढे घेऊन आला. मी दारातच अडवणार होते, पण चंदन स्वतः बाहेर आला. पेढा घेतला. "अभिनंदन, भाऊ," म्हणाला. हसला. मला ते हसणं बघवेना.

विनोद गेल्यावर म्हणाला, "मीबी त्या पहिल्या मालिकेवानी आहो, आई. मोजायचं नाही."

मी म्हटलं, "मी मोजते ना रे."

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. दार लागलं होतं.

२१ डिसेंबर

दार उघडलं नाही. हे दोनदा जाऊन कडी वाजवून आले. बोलले काही नाहीत, नुसतं खोकले. आतून चंदनही खोकला. बापलेकांचं एवढंच बोलणं.

देवी, मला काहीच येत नाही. मला फक्त सूत काढता येतं.

२८ डिसेंबर

आठवडाभर पुन्हा मुका. आज मीच तिसरी मालिका लावली आणि मुद्दाम आवाज वाढवला. ही हिंदीत नाही! जपानी बोलतात आणि खाली इंग्रजी पळतं. मी मराठी शाळेत दहावी झालेली. अक्षरं ओळखू येतात, पण तो धावता मजकूर कुठे वाचणार?

चंदन दारात येऊन उभा राहिला. "ते नाही समजणार तुले."

"मग तू सांग."

मग येऊन बसला.

२ जानेवारी २०२४

तिसरीत मारामारी जवळजवळ नाहीच! लिहिणाऱ्याच्या शिष्याने केली आहे म्हणतात. माणसं बसतात, बोलतात, पाण्याकडे बघतात. रंगही मऊ, धुवून धुवून उतरलेल्या लुगड्यासारखे.

चंदन हळूहळू सांगतो. तोमारूचा गुडघा गेला आहे. तो गावी परत आला आहे. एक बाई दिसते, ती त्याची आई.

"अरे, तो तर अनाथ होता ना?"

"मंग सापडली, आई. लांब कहाणी आहे."

बरं झालं सापडली.

५ जानेवारी

तोमारूची आई विणकरीण आहे! पडद्यावर दोघं नुसती समोरासमोर बसून बोलत होती. चंदन म्हणाला, "ते म्हणून राहिली, बोटाले राख लाव, नाही तं धागा घसरते."

जपानातही राख लावतात! यांना सांगितलं. यांनी माग थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "रेशीम तिकडलंबी घसरत असंन." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मलाही. इतक्या दूरची माणसं आणि हात तेच.

तिन्ही मालिकांत ही सगळ्यात सरस. माझं मत झालं.

९ जानेवारी

आजच्या भागात तोमारू म्हणतो, मी कोणाच्याच कामाचा राहिलो नाही. सकाळी उठलो की वाटते, उठलो कायले.

मी म्हटलं, "मग त्याची आई काही बोलत काहून नाही?"

"ते ऐकतच नाही, आई. ते कामात असते."

"कसली आई म्हणायची ती!" मला खरंच राग आला. पोरगा समोर बसून एवढं बोलतो आणि ही बाई आपल्या धाग्यात! चंदन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, मी इतकी रंगून बघते याची त्याला गंमत वाटते.

१५ जानेवारी

संक्रांत. चंदनने तिळाचा लाडू घेतला. अर्धा.

१८ जानेवारी

तोमारूने त्याचा कमरेचा पट्टा गावातल्या एकाला देऊन टाकला. गुरुजींची काठी त्यांच्या समाधीपाशी ठेवली. आईच्या पाया पडला, तर ती म्हणाली, आज काय विशेष?

"हा सगळं वाटून कायले राहिला?"

"जाणार आहे तो."

"कुठे?"

"सकाळी तलावावर धुकं राहते ना. तिकडं."

"परत केव्हा येते मग?"

चंदन बोलला नाही. फोन बंद केला. दोनच भाग उरले आहेत. माझं सूत दोनदा तुटलं. चित्रातल्या माणसासाठी इतकं! पण पहिल्या मालिकेतही त्यांनी त्याला मारलाच होता, यांचा भरवसा नाही.

२२ जानेवारी

चंदनने पळायचे बूट विनोदला देऊन टाकले. स्वतः नेऊन दिले, लंगडत. चांगले महागाचे आहेत. मला आधी हळहळ वाटली, मग म्हटलं, पोराच्या मनातली अढी निघाली म्हणायची. वाटेत गावातली सुंदरबाई भेटली तिलाही सांगितलं, आमचा चंदन आता बाहेर निघतो.

२४ जानेवारी

हे लिहवत नाही. पण लिहिते.

मला राहवेना. तोमारू जगतो की मरतो ते आधीच कळलं तर उद्या चंदनच्या शेजारी बसून मी रडणार नाही, म्हणून मेघाकडे गेले. म्हटलं, तिसरीचा शेवट सांग. "तो तलावावरून परत येते का?"

मेघा म्हणाली, "कोण्या तलावावरून?"

मी सगळं सांगितलं. गुडघा, आई, राख, पट्टा, धुकं. मग तिने तिच्या फोनवर तेच भाग लावले आणि खालचं इंग्रजी वाचून दाखवलं.

"काकू, ते त्याची माय नाही. खानावळवाली आहे. मासोळी शिळी निघाली म्हणून राहिली."

"आणि गुडघा?"

"गुडघा चांगला आहे त्याचा. नवे चेले शोधत फिरते तो. शेवटी शाळा काढते. हसीमजाकची मालिका आहे, काकू. तुम्हाले हे कोणं सांगितलं?"

तिचं अंगण ओलांडून घरी कशी आले ते आठवत नाही.

तो मला मालिका सांगत नव्हता. स्वतःचं सांगत होता. रोज दुपारी शेजारी बसून सांगत होता, उठलो कायले वाटते, कामाचा राहिलो नाही, आई ऐकत नाही. आणि मी जपानातल्या राखेचं कौतुक करत बसले! यांनाही सांगून आले! पट्टा दिला म्हणाला तेव्हा कळलं नाही. बूट दिले तेव्हाही कळलं नाही. संक्रांतीच्या सकाळी तो माझ्या पाया पडला होता. दरवर्षी पडत नाही. मी म्हटलं होतं, "आज काय विशेष?"

यांना मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. हे उठले, घरातले मोकळे पडलेले सगळे दोर गोळा केले आणि वासुदेवरावांच्या घरी ठेवून आले. आल्यावर म्हणाले, "सोमवारी भंडाऱ्याले जाऊ. त्या डॉक्टरकडं. तवरक मी त्याच्या खोलीतच निजतो." आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

सोमवार! आज बुधवार आहे. आणि भाग दोनच उरले आहेत.

२५ जानेवारी

दुपारी चंदनने भाग लावला. तो तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आज मी सांगतो तुले."

"तुले इंग्रजी कुठं येते, आई?"

"नाही येत. आयक. त्याची माय हातातलं सूत फेकून तलावावर आली. तिले समजलं सारं. ते म्हणते, तू सांगत होता अन् म्या आयकलंच नाही, बापा. आता आयकतो. घरी चाल, नाही तं मी बी इथंच बसतो तुह्याजवळ. उठतच नाही मी."

माझा आवाज फाटला. फोनमध्ये ती खानावळवाली बडबडत होती. चंदनने फोन पालथा ठेवला.

मी विचारलं, "मंग तो काय म्हणते?"

मग त्याने माझं मनगट धरलं, लहानपणी पाळीवरून चालताना धरायचा तेवढ्या जोराने.

"आई, मले लय भेव लागून राहिलं."